कर्करोग, संशोधन आणि आपली खेडी

आपल्या भागात कर्करोग हा शब्द सहसा कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. 'त्यांना ते मोठं दुखणं झालंय' एवढेच म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. जणू नाव घेतले की दुखणे उंबऱ्याच्या आत येईल! आज मात्र आपण त्या नावानेच बोलू. या रोगाने कोण मरतो आणि कोण वाचतो, हे पुष्कळदा रोगापेक्षा आपल्या खिशावर, आपल्या शिक्षणावर आणि दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर ठरते, असे मला सांगायचे आहे. आणि हे जगाला ज्या संशोधनाने दाखवून दिले, त्यातले फार मोठे काम मुंबई-दिल्लीत नव्हे, आपल्या शेजारी, बार्शी-भूम-परांड्याच्या खेड्यांत झाले आहे.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा औषधोपचाराविषयी माझ्याकडून काही ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पण मरणाचाही एक हिशेब असतो आणि तो मांडणे माझ्या विषयात बसते.

आमचे गाव औसा तालुक्यात. माझ्या थोरल्या चुलतीला आम्ही मोठीआई म्हणत असू. पाळी जाऊन दोन वर्षे झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने ते कोणालाच सांगितले नाही. सांगणार तरी कोणाला? सुनेला सांगायला लाज, नवऱ्याला सांगायचे तर सुगीचे दिवस. वर्षभर दुखणे अंगावर काढले. मग तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी न तपासताच इंजेक्शने दिली, शक्तीच्या बाटल्या दिल्या. त्यात आणखी सहा महिने गेले. शेवटी चुलत्यांनी तिला बार्शीला नेले, तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग तिसऱ्या पायरीला पोचला होता. शेक सुरू झाले. आपल्याकडे किरणोपचाराला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. पाच-सहा आठवडे रोज शेक घ्यायचा, म्हणजे तिथेच राहायचे. सोबतीला एक माणूस, त्याचा रोजगार बुडाला, दुभती म्हैस विकली. तीन आठवड्यांनी, 'आता बरं वाटतंय, रास झाली की उरलेलं घेऊ,' असे म्हणून ती दोघे परत आली. ती पुन्हा गेलीच नाहीत. मोठीआई पुढच्या उन्हाळ्यात वारली.

गावाने म्हटले, नशीब. मीही त्या वेळी तेच म्हटले असेल. आता विचार करतो, तेव्हा त्या दोन वर्षांत नशिबाचा भाग थोडाच दिसतो. लाज, सुगी, न तपासणारा डॉक्टर, बुडालेला रोजगार, अर्धवट सोडलेला शेक, यांपैकी रोग म्हणावा असे एकही नाही.

माणसाचे काम, राहणी आणि कर्करोग यांचा संबंध असतो, हे शास्त्राला आज कळले असे नाही. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याच्या ध्यानात आले की, धुराडी साफ करणाऱ्या लोकांना एका विशिष्ट जागी कर्करोग होतो. ही माणसे लहानपणापासून काजळीत घुसत आलेली, गरिबांची पोरे. १८४२ साली इटलीतल्या व्हेरोना शहरात रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने मृत्यूची नोंदवही चाळली. गर्भाशयाचा कर्करोग लग्न झालेल्या बायकांत पुष्कळ आणि मठातल्या जोगिणींत क्वचित, असे त्याला आढळले. कारण मात्र त्याला उमगले नाही. ते कळायला आणखी सव्वाशे-दीडशे वर्षे जावी लागली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, हे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ च्या सुमारास दाखवले आणि २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. लग्न झालेल्या बहुतेक स्त्रियांना तो कधी ना कधी गाठतोच, आणि बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. म्हणून तो सापडला याचा अर्थ बाईचे किंवा तिच्या नवऱ्याचे काही चुकले, असा मुळीच काढू नये. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो. तेथल्या पेशी हळूहळू बिघडतात आणि दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनी कर्करोग होतो. हा दहा-वीस वर्षांचा अवधी ध्यानात ठेवा. शत्रू बैलगाडीच्या चालीने येतो आहे. वाटेत कोणी तपासले आणि बिघडलेला भाग गोठवून वा काढून टाकला, तर तो घरापर्यंत पोचतच नाही. हे कारखान्यातले रहस्य नाही, श्रीमंत देशांतल्या बायकांना ही तपासणी गेली साठ-सत्तर वर्षे मिळते आहे.

तर मग आपल्याकडे मरणे का थांबत नाहीत? येथे हिशेब उघडावा लागतो. आपल्या देशातली बहुसंख्य माणसे घरीच मरतात. कशाने मेली हे कागदावर येत नाही. म्हणून भारताच्या महानिबंधकांच्या माणसांनी २००१ ते २००३ या काळात झालेल्या १ लाख २२ हजारांहून अधिक मृत्यूंच्या घरी जाऊन घरच्यांना विचारले, शेवटच्या दिवसांत काय होत होते. ते लिहून घेतले आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवले. त्यात ७,१३७ मृत्यू कर्करोगाचे निघाले. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेश दीक्षित आणि टोरोंटोचे डॉ. प्रभात झा यांच्या गटाने २०१२ साली हा हिशेब छापला. ३० ते ६९ वयाच्या लोकांत, सर्वांत कमी शिकलेल्या दर लाख पुरुषांमागे सुमारे १०७ मृत्यू आणि सर्वांत जास्त शिकलेल्यांत सुमारे ४६. बायकांतही तसेच, १०७ आणि ४३. म्हणजे दुपटीहून अधिक!

आणखी एक गोष्ट त्यात दिसली. कर्करोगाने मरण्याचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच आहे. वास्तविक नोंदण्या पाहिल्या तर कर्करोग 'होण्याचे' प्रमाण खेड्यात शहरापेक्षा कमी. होतो कमी जणांना, पण मरतात जवळपास तेवढेच. याचा अर्थ, आपल्याकडे ज्याला होतो त्याची वाचण्याची आशा कमी. गुरुजनहो, हे गणित आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल इतके सोपे आहे. मांडावे, असे माझे म्हणणे आहे.

आता बार्शीकडे वळू. लातूरच्या माणसाला बार्शी परकी नाही. १९११ पासून बार्शी लाईटची छोटी गाडी लातूरपर्यंत येई, आणि आमच्या आजोबांच्या पिढीला दूरची दुनिया दिसायची ती याच गाडीतून कुर्डुवाडीला उतरल्यावर. या बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांनी कर्करोगाच्या कामाला वाहून घेतले आणि नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ साली येथे ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी नोंदणी १९६३-६४ पासून होती. पण मुंबईची रीत खेड्यात चालेना. शहरात नोंद करणारा माणूस रुग्णालयांत जाऊन कागद पाहतो. खेड्यातला रोगी रुग्णालयात जातच नाही, तर कागद कोठला?

तेव्हा बार्शीकरांनी रीतच उलटी केली. बार्शी, भूम आणि परांडा या तालुक्यांतल्या ३४६ गावांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः फिरू लागले. पारावर, देवळात, बायकांच्या घोळक्यात बसून सांगू लागले: पाळी गेल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मधे जाणे, न भरणारा तोंडातला फोड, छातीतली न दुखणारी गाठ, ही लक्षणे दिसली तर दडवू नका. संशयित माणसाला दवाखान्यात पाठवू लागले. हे सारे केले ते नोंद अचूक व्हावी म्हणून. पण काही वर्षांनी डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे पाहिले, तर पहिल्या-दुसऱ्या पायरीलाच दवाखान्यात येणाऱ्या बायकांचे प्रमाण वाढले होते. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही, नुसते गावात जाऊन बोलणे. माझ्या मते या साऱ्या कहाणीतले हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी गाजलेले संशोधन आहे.

याच्या पुढचे पाऊल १९९९ साली पडले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑन येथील जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठा प्रयोग मांडला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या गटांचे चार भाग केले. एका भागात विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून, म्हणजे आपण व्हिनेगर म्हणतो ते लावून, पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागात आरोग्यशिक्षण आणि जी असेल ती नेहमीची सोय. प्रत्येकीची तपासणी आयुष्यात एकदाच.

लोक म्हणत होते, खेड्यातल्या बायका अशा तपासणीला येणारच नाहीत. बोलावलेल्या शंभर जणींपैकी जवळजवळ ७९ जणी आल्या! न आलेल्या कोण, हेही पाहिले गेले. आलेल्यांपेक्षा त्या वयाने मोठ्या आणि कमी शिकलेल्या होत्या. म्हणजे ज्यांना धोका अधिक, त्याच घरी राहिल्या.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि २००९ साली तो अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मान्यवर नियतकालिकात आला. ज्या भागात तपासणी नव्हती, तेथे या रोगाने ६४ बायका मेल्या. विषाणूची तपासणी झालेल्या भागात ३४. एकदाच केलेल्या तपासणीने मरण निम्म्यावर आले. पेशी पाहण्याच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६. फरक आहे, पण तो तपासणीमुळेच पडला असे खात्रीने म्हणता येण्याइतका नाही. व्हिनेगरची तपासणी मात्र कुचकामी समजू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना शिकवून हीच तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा करवली. तेथे मरणाचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. स्वस्त उपाय पुन्हा पुन्हा करावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या ६४ जणींविषयी. तपासणी उपयोगी पडते हे परदेशांत ठाऊक असताना एका भागाला ती न देणे योग्य होते काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या जिल्ह्यात तपासणी मुळात कोठेच नव्हती, आणि आपल्यासारख्या ठिकाणी कोणती रीत चालेल हे तुलना केल्यावाचून कळणार कसे? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला स्वतःला संशोधकांहून अधिक बोचते ते दुसरेच. प्रयोग नव्हता अशा बाकीच्या साऱ्या जिल्ह्यांत, म्हणजे माझ्या मोठीआईच्या जिल्ह्यातही, तपासणी नव्हतीच. तेथल्या बायका मेल्या, पण त्यांना कोणी मोजलेसुद्धा नाही. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. मोठीआईचे माहेर कळंब तालुक्यात. तिच्या धाकट्या बहिणीच्या घरी एक बाई आल्या, नाव लिहून घेतले, तपासणीला या म्हणाल्या. ती बहीण आज सत्तरीची आहे. जिल्ह्याची रेघ कोठून गेली, यावर एवढे अवलंबून असावे!

आणि संशोधनाचे फळ? धाराशिवच्या पुराव्यानंतर जगभर विषाणूच्या तपासणीला मान मिळाला. जागतिक आरोग्य संघटना आज तीच पहिली पसंती म्हणून सांगते. आपल्या सरकारनेही २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करावी, असा आराखडा काढला. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले, तेव्हा अशी तपासणी कधीही झालेल्या देशभरात शेकडा दोनदेखील निघाल्या नाहीत. १.९!

जेथे तपासणी पोचत नाही, तेथे भीती मात्र पोचते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ जणींची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पांढरे जाते, पोट दुखते एवढ्यावर 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असे कित्येकींना सांगितले गेले होते. पाळीच्या दिवसांत कोयता बुडाला तर मुकादमाचा दंड, उचल फिटायची कशी? बाई हो म्हणते. कर्करोगाचे अर्धवट ज्ञान गरिबीच्या हाती पडले की त्याचे असेही होते.

खुद्द कर्करोगावर गरिबीचा हात कसा चालतो, हे मुंबईच्या नोंदणीत उलट बाजूने दिसते. तेथे गर्भाशयमुखाचा कर्करोग गेल्या कित्येक दशकांत घटत आला, तोही सर्वांसाठी तपासणीची सोय नसताना. मुली शिकल्या, लग्ने उशिरा झाली, बाळंतपणे कमी झाली, घरात पाणी आले, म्हणून असे झाले असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे. त्याच काळात स्तनाचा कर्करोग मात्र वाढला, म्हणजे सुधारणेचेही काही मोल द्यावे लागते. आपल्या राज्यात २० ते २४ वयाच्या शंभर विवाहित-अविवाहित स्त्रियांमागे जवळजवळ २२ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आहेत, असे वर सांगितलेल्या पाहणीतच आढळते. शाळेतली पोर मधेच लग्न होऊन गेली की आपण हजेरीपटावर लाल रेघ मारतो. ती रेघ या रोगाच्या हिशेबातही ओढली जाते. पुरुषांचे म्हणाल तर तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पानटपरीवर तो कोठे ठेवतात हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बायकांची मिश्रीही तंबाखूच असते, हे मात्र घरोघर विसरले जाते.

लसीची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तीत शिक्षकांचा संबंध येतो. २००९ साली देशात नऊ ठिकाणी, त्यांत बार्शीही होती, एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, याची चाचणी सुरू झाली. तेवढ्यात आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा येथे दुसऱ्याच एका प्रकल्पात लस घेतलेल्या सात मुली वारल्याचे पुढे आले. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे दिसले नाही. पण खम्मममध्ये कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. गरिबाघरच्या मुली, विचारायचे काय, असा तो मामला. एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा अभ्यासांतले सारे लसीकरण थांबवले. त्यामुळे बार्शीसह नऊ ठिकाणच्या जवळजवळ ५ हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी दिसून आले की, एका डोसनेही संरक्षण जवळपास तेवढेच मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे म्हटले, त्यामागच्या पुराव्यात या मुलींचा वाटा आहे. एक डोस म्हणजे खर्च कमी, फेरा एकच. पुण्याच्या सीरम संस्थेने आता देशी लसही काढली आहे. लस घ्यायची ती ९ ते १४ या वयात, म्हणजे मुली तुमच्याच वर्गात बसलेल्या असताना. आरोग्य केंद्रात चौकशी करा, पालकांना बोलावून नीट समजावून द्या, आणि सही त्यांची त्यांना करू द्या.

पैशाची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१२ साली नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी सोय कर्करोगाची शस्त्रक्रिया, शेक आणि औषधे यांना लागू आहे. मात्र सोबतीच्या माणसाचा बुडालेला रोजगार आणि घरी राहिलेली गुरे यांची तरतूद कोणत्याच योजनेत नसते. शेक मधेच सोडला जातो तो बहुधा याच जागी. गावात कोणी असे गेले असेल, तर त्याच्या गुरांना पाणी कोण पाजतो, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा समजावा. ग्रामपंचायतीला किंवा बचत गटाला हे जमण्यासारखे आहे.

तपासणी कोठे होते, हे आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंना विचारावे. दहा मिनिटांचे काम असते, दुखत नाही. 'आमच्याकडे होत नाही' असे उत्तर आले, तर कधी होणार आणि जवळ कोठे होते, हे ग्रामसभेत विचारावे.

मोठीआईची मुलगी, माझी चुलत बहीण, निलंग्याकडे दिली आहे. तिची पंचेचाळिशी उलटली. दोन वर्षे मी तिच्या मागे लागलो होतो. मागच्या पावसाळ्यात ती तपासणी करून आली. घरी सांगून गेली होती की रेशनकार्डाचे काम आहे. तपासणी चांगली निघाली. पुढची पाच वर्षांनी.